घरी मोगलाई पद्धतीचा मटण कोरमा करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील घरांत मटण म्हटले की तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुके आणि लहान मुलांसाठी अळणी, म्हणजे मटणाचे बिनतिखटाचे पाणी, हा बेत ठरलेला असतो, आणि तो रांधणाऱ्या हातांना कोणी काही शिकवावे अशी परिस्थिती नसते. अडचण येते ती त्याच हातांनी कोरमा करायला घेतला म्हणजे. सवयीने पडणारा कांदा-लसूण मसाला, भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण आणि आधी वेगळे शिजवून घेतलेले मटण या तीन गोष्टींमुळे कोरम्याचा पुन्हा रस्साच होतो. खालील उत्तरे अशाच स्वयंपाकघरांसाठी लिहिली आहेत. वेगळे सांगितले नसेल तेथे प्रमाण एक किलो हाडासकट मटणाचे, म्हणजे पाच-सहा माणसांचे आहे.

आपल्या तांबड्या रश्श्यात आणि कोरम्यात नेमका फरक कोणता?

रश्श्याचा जीव त्याच्या वाटणात आणि मसाल्यात असतो. मटण हळद-मिठात शिजवून घ्यायचे, खोबरे-कांद्याचे वाटण परतायचे, त्यावर मसाला घालून मटणाचे पाणी ओतायचे आणि उकळी आली की कट वर येतो. कोरम्यात असे दोन वेगळे भाग नसतात. मटण, दही, तळलेला कांदा आणि खडा मसाला हे सगळे एकाच भांड्यात, अगदी थोड्या पाण्यात, मंद आचेवर एकमेकांत शिजते, आणि ग्रेव्हीला अंगही त्यातूनच येते. त्यामुळे मसाल्याचे प्रमाण चुकले तरी कोरमा बऱ्याच अंशी निभावून जातो, पण कांदा तळण्यात किंवा मटण परतण्यात घाई केली तर नंतर कितीही महागाचा मसाला घातला तरी उपयोग होत नाही.

हा पदार्थ मूळचा आपल्या भागातला आहे का?

नाही. दिल्ली, आग्रा आणि लखनौच्या स्वयंपाकघरांत तो घडला. आपल्या भागावर दीर्घकाळ विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता आणि औरंगजेबाने विजापूर जिंकले ते १६८६ साली, म्हणजे मोगल येथे पोहोचले तेव्हा दख्खनी मुसलमानी स्वयंपाकाची स्वतःची घडी बसलेली होती. त्या स्वयंपाकात चिंच, खोबरे, तीळ, शेंगदाणे यांना मान आहे. उत्तरेकडच्या कोरम्यात त्यांना जागा नाही.

अबुल फजलने आईन-ए-अकबरीत अकबराच्या मुदपाकखान्यातील पदार्थांची प्रमाणे नोंदवली आहेत. त्यांतील दोपियाजासाठी दहा शेर मांसाला दोन शेर तूप आणि दोन शेर कांदा सांगितला आहे, सोबत मिरे, जिरे, धने, वेलची आणि लवंग. लाल मिरचीचा आणि टोमॅटोचा त्यात मागमूस नाही, कारण ही दोन्ही पिके अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या मार्फत इकडे आली आणि उत्तरेच्या स्वयंपाकात रुळायला त्यांना बराच काळ लागला. तुपाचे ते प्रमाण आजच्या घरात कोणी वापरू नये, पण मांसाच्या एक पंचमांश कांदा हे गणित मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपण त्याहून अधिकच घेणार आहोत, कारण दाटपणासाठी आपल्याला पीठ किंवा खोबरे वापरायचे नाही.

मटण बोकडाचे घ्यावे की मेंढ्याचे, आणि कोणता भाग?

दोन्ही चालते. अथणी, रायबाग, गोकाक या कोरड्या पूर्व भागात मेंढ्याचे मटण अधिक सहज मिळते; ते लवकर शिजते, पण चरबी अधिक असल्यामुळे तूप-तेल एक चतुर्थांशाने कमी करावे आणि वरची जाड चरबी खाटकाकडूनच काढून घ्यावी. बोकडाचे मटण घेतल्यास जनावर फार वाढलेले नसावे.

भागांच्या बाबतीत केवळ मांडीचे मटण मागण्याची चूक पुष्कळ जण करतात. मांडीचे मांस दिसायला देखणे असले तरी दीर्घकाळ शिजल्यावर कोरडे पडते. खांदा, मान आणि सीना (छातीचा भाग) या भागांत मांसाबरोबर जोडऊतक असते. त्यातील चिवट तंतू मंद आचेवर हळूहळू विरघळून त्यांचे जिलेटिन होते आणि त्यामुळेच ग्रेव्ही बोटांना किंचित चिकटते. निम्मा खांदा, पाव भाग सीना किंवा चाप आणि दोन-तीन नळ्या असे सांगून घ्यावे, आणि तुकडे रश्श्यापेक्षा थोडे मोठे, साधारण दीड-दोन इंचांचे करायला सांगावेत.

रविवारी सकाळी आणलेले मटण तासाभरात चुलीवर चढवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कापल्यानंतरच्या काही तासांत स्नायू ताठरतात आणि ते सैल पडायला वेळ द्यावा लागतो, म्हणून शक्य असेल तर मटण शनिवारी संध्याकाळी आणून झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. शिजण्याचा वेळ त्यामुळे स्पष्टपणे कमी होतो.

साहित्य किती घ्यावे?

एक किलो मटणाला अर्धा किलो कांदा, पाव किलो घट्ट दही, दोन मोठे चमचे आले-लसणाचे वाटण, तीस-पस्तीस ग्रॅम काजू, एक मोठा चमचा खसखस, दीड मोठा चमचा धनेपूड, दोन छोटे चमचे ब्याडगी मिरचीची पूड आणि चवीनुसार मीठ, म्हणजे साधारण तीन छोटे चमचे. खड्या मसाल्यात आठ हिरवे वेलदोडे, एक मसाला वेलदोडा, सहा लवंगा, दहा-बारा मिरे, इंचभर दालचिनी, दोन तमालपत्रे आणि अर्धा चमचा शहाजिरे. शेवटी घालण्यासाठी जायपत्रीचे एक पाते, चिमूटभर जायफळ आणि चार वेलदोड्यांचे दाणे यांची ताजी पूड. कांदा तळण्यासाठी एक वाटी तेल लागते. त्यातले निम्मे काढून ठेवायचे असते आणि उरलेल्यात तीन मोठे चमचे तूप घालायचे असते.

कांदा तळताना कधी करपतो तर कधी मऊच राहतो, असे का होते?

कोरमा जमणे किंवा फसणे याचा निकाल बहुतेक वेळा येथेच लागतो, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

कांद्यात पुष्कळ पाणी असते आणि ते पूर्णपणे उडाल्याशिवाय त्याला रंग चढत नाही. पावसाळ्यानंतर बाजारात येणारा नवा कांदा फार पाणीदार असतो. साठवणीचा उन्हाळी कांदा तळणीला केव्हाही बरा. कांदा उभा, पातळ आणि सर्वत्र सारख्या जाडीचा चिरणे हे सर्वांत महत्त्वाचे, कारण जाड-पातळ काप एकाच कढईत पडले की पातळ काप करपेपर्यंत जाड काप पांढरेच राहतात. चिरल्यावर पाकळ्या हाताने मोकळ्या कराव्यात. मीठ लावू नये, कारण पाणी सुटून कांदा तळला जाण्याऐवजी शिजतो.

तेल मध्यम तापले की कांदा दोन घाण्यांत घालावा. सुरुवातीला कढईत मोठा चरचराट होतो आणि भरपूर वाफ निघते. या वेळी अधूनमधून हलवले तरी पुरते. दहा-बारा मिनिटांनी आवाज बारीक होतो, बुडबुडे लहान होतात आणि कडांना पिवळसर छटा दिसू लागते. येथून पुढे झारा हातातून खाली ठेवायचा नाही, कारण पिवळ्यापासून तांबूसपर्यंतचा प्रवास दोन-तीन मिनिटांतच होतो. आपल्याला हवा असलेला रंग दिसण्याच्या थोडे आधीच कांदा बाहेर काढावा. कढईबाहेर आल्यावरही आतल्या उष्णतेने तो आणखी एक छटा गडद होत राहतो. कागदावर पसरून ठेवला की पाच मिनिटांत कुरकुरीत होतो आणि हाताने चुरडता येतो. अर्धा किलो कांद्याचा ऐवज शेवटी जेमतेम पसाभर उरतो, हे पाहून कोणी दचकू नये.

थोडा जरी काळा पडला असेल तरी तेवढा निवडून टाकावा, कारण त्याचा कडवटपणा काजूने किंवा साखरेने झाकला जात नाही. कांदा मिक्सरमध्ये पाणी घालून वाटण्यापेक्षा हाताने चुरडलेला चांगला. वाटलेल्या कांद्याची ग्रेव्ही गुळगुळीत होते, पण कोरम्याची ओळख असलेला दाणेदारपणा त्यात राहत नाही.

दही घातल्यावर ते फाटते. काय करावे?

दह्यातील प्रथिने आंबटपणा आणि उष्णता एकत्र आल्यावर आकसतात आणि पाणी वेगळे पडते. दही ताजे, कमी आंबट आणि शक्यतो म्हशीच्या सायीसकट दुधाचे असावे, कारण स्निग्धांश अधिक असल्यास फाटण्याची शक्यता कमी होते. ते तासभर आधी फ्रिजमधून काढून चांगले घोटावे, घोटताना त्यातच धनेपूड आणि मिरचीपूड मिसळावी, आणि भांड्याखालची आच अगदी कमी करून एकेक पळी घालत सतत ढवळत राहावे. पुन्हा उकळी येईपर्यंत हात थांबवू नये. खात्री वाटत नसेल तर दह्यात एक छोटा चमचा बेसन घोटून घ्यावे. जाणकार नाक मुरडतील, पण चवीत फरक कळत नाही.

आणि तरीही थोडे फाटलेच, तर घाबरून भांडे उतरवू नये. मटण परतत राहिल्यावर दह्याचे कण मसाल्यात विरून जातात.

प्रत्यक्ष कृतीचा क्रम कसा असावा?

जाड बुडाच्या पातेल्यात कांद्याचे उरलेले तेल आणि तूप तापवून खडा मसाला घालावा. वेलदोडे फुगले की मटण घालून आच मोठी करावी आणि तुकड्यांचा लालसरपणा जाऊन कडा किंचित तांबूस होईपर्यंत सहा-सात मिनिटे परतावे. मग आले-लसूण आणि मीठ घालून त्याचा कच्चा वास जाईपर्यंत परतावे, त्यानंतर वर सांगितल्याप्रमाणे दही घालावे.

यानंतरचा टप्पा परतण्याचा आहे आणि तो वीस-पंचवीस मिनिटांचा आहे. मटणाला सुटलेले पाणी आणि दह्याचे पाणी मध्यम आचेवर आटू द्यावे, दर दोन मिनिटांनी तळापासून खरवडून हलवावे. आधी सगळे पातळ आणि फिकट दिसते, नंतर मसाला तुकड्यांना लपेटू लागतो, उकळण्याच्या आवाजाची जागा तळण्याचा आवाज घेतो आणि कडेने तेल दिसू लागते. तेल सुटले म्हणून लगेच पाणी ओतण्याचा मोह होतो. तेथे आणखी पाच मिनिटे धीर धरावा, बुडाला लागते आहे असे वाटल्यास दोन चमचे कढत पाणी शिंपडून पुन्हा परतावे.

मग चुरडलेला कांदा आणि अडीच वाट्या कढत पाणी घालून घट्ट झाकण ठेवावे. उकळी आल्यावर आच इतकी कमी करावी की वर अधूनमधून एखादाच बुडबुडा फुटावा. कुकरशिवाय, अशा झाकलेल्या पातेल्यात बोकडाच्या मटणाला येथून सव्वा ते दीड तास लागतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी १०० अंशांऐवजी साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळते, त्यामुळे किनारपट्टीवरच्या कोणी सांगितलेल्या वेळेपेक्षा दहा-पंधरा मिनिटे अधिक धरावीत. पाणी कमी पडले तर घालायचे ते कढतच.

मटण नव्वद टक्के शिजल्यावर काजू-खसखशीचे वाटण घालावे, आणि शेवटी जायपत्री-जायफळ-वेलदोड्याची पूड घालून, झाकणाची कड कणकेने बंद करून, पातेल्याखाली तवा ठेवून पंधरा-वीस मिनिटे दम द्यावा.

कुकरमध्ये करता येतो का?

येतो. तेल सुटेपर्यंतचा सगळा भाग कुकरमध्येच झाकण न लावता करावा, कांदा आणि केवळ दीड वाटी पाणी घालून झाकण लावावे, एक शिटी झाली की आच मंद करून बोकडाच्या मटणाला पंधरा ते वीस मिनिटे, मेंढ्याला बारा-पंधरा मिनिटे द्यावीत आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. काजूचे वाटण मात्र कुकर उघडल्यावरच घालावे, नाहीतर ते तळाला जाऊन लागते. शिट्या मोजण्याची आपली सवय येथे कामाची नाही. चार-पाच शिट्यांत मांस शिजते खरे, परंतु हाडापासून सुटून त्याचा चुरा होतो.

काजू महाग पडतात. दुसरे काही चालेल का?

अख्ख्या काजूची गरजच नाही. बेळगावला लागून असलेल्या चंदगड तालुक्यात काजूवर प्रक्रिया करणारे पुष्कळ लहान कारखाने आहेत आणि तेथला तुकडा काजू आपल्या बाजारात अख्ख्यापेक्षा बराच स्वस्त मिळतो. वाटणासाठी तोच घ्यावा. काजू व खसखस कढत पाण्यात अर्धा तास भिजवून अगदी मऊ वाटावी. टरबूज-कलिंगडाची मगज बी किंवा सोललेले बदामही चालतात. शेंगदाणे चालणार नाहीत. त्यांचा वास बाकी सगळ्यावर बसतो. वाटण वाढवून दाटपणा आणण्याचा प्रयत्नही करू नये, कारण सांगितल्यापेक्षा अधिक काजू पडले की ग्रेव्ही गोडसर लागते.

मिरची कोणती वापरावी?

ब्याडगी. हावेरी जिल्ह्यातली ही मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य असते, आणि तिच्यातही सुरकुतलेली, जाडसर डब्बी जात कोरम्याला उत्तम. बिया काढून घरीच दळून घेतल्यास रंग अधिक खुलतो. आपली संकेश्वरी मिरची रश्श्यासाठी राखून ठेवावी; तिचा ठसका कोरम्यात वेलदोड्याला आणि जायपत्रीला डोके वर काढू देत नाही. कांदा-लसूण मसाल्याविषयीही हेच म्हणावे लागेल. तो अर्धा चमचा जरी पडला तरी खाणारा पहिल्याच घासाला ओळखतो आणि रश्श्याची वाटी मागतो.

हळद, टोमॅटो, खोबरे, कोथिंबीर?

हळद आणि टोमॅटो नको. खोबरे नको. कोथिंबीर वरून भुरभुरली तर बिघडत नाही, पण तिचीही गरज नाही.

मुलांसाठी अळणी कसे काढावे?

कोरम्याच्या मटणाचे पाणी बाहेर काढले तर कोरमा फिका पडतो, म्हणून त्यातून अळणी काढू नये. पाव किलो मानेचे किंवा नळीचे तुकडे वेगळे आणून नेहमीप्रमाणे हळद, मीठ आणि आल्यात शिजवावेत. ते पाणी थोडे उरले तर कोरम्यात साध्या पाण्याऐवजी घालायला हरकत नाही. हळदीने रंग किंचित पिवळा होईल इतकेच.

केवडा आणि केशर आवश्यक आहे का?

आवश्यक नाही. केवडापाणी मिळाले तर दम देण्यापूर्वी एक छोटा चमचा पुरे. केवड्याचा इसेन्स असेल तर दोन थेंब, कारण तो अतिशय तीव्र असतो आणि थोडा जास्त झाला तरी सगळे भांडे अत्तरासारखे लागते. केशर घालायचे तर दहा-पंधरा काड्या कोमट दुधात भिजवून. दोन्हींऐवजी ताज्या कुटलेल्या वेलदोड्यावर खर्च करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

हॉटेलातल्या मोगलाई मटणासारखी चव घरी का येत नाही?

कारण तो बहुधा कोरमा नसतो. गर्दीच्या हॉटेलात आधी करून ठेवलेली कांदा-काजूची ग्रेव्ही, वेगळे उकडलेले मटण, क्रीम आणि लोणी एकत्र करून पाच-सात मिनिटांत ताट बाहेर पाठवावे लागते. गर्दीच्या मानाने ती पद्धत योग्यही आहे. ती चव हवी असेल तर शेवटी दोन चमचे क्रीम आणि चिमूटभर कसुरी मेथी घालावी.

ग्रेव्ही आंबट, पातळ किंवा फार तेलकट झाली तर?

आंबट झाल्यास थोडा आणखी तळलेला कांदा चुरडून घालावा आणि दहा मिनिटे उकळू द्यावे; साखर चिमटीपेक्षा अधिक घालू नये. पातळ झाल्यास मटण बाहेर काढून ग्रेव्ही वेगळी आटवावी, म्हणजे मांसाचा चुरा होत नाही. तेल मात्र लगेच काढून टाकू नये. दम दिल्यावर वर सोनेरी तवंग येणे हे कोरमा नीट परतला गेल्याचे लक्षण आहे. वाढण्यापूर्वी पळीने हवे तेवढे काढून बाजूला ठेवावे, त्यात दुसऱ्या दिवशी बटाट्याची भाजी फार चांगली होते.

कशाबरोबर वाढावा?

रोटी, फुलका किंवा पातळ पोळी यांच्याबरोबर. जोंधळ्याची भाकरी आपल्याकडे मटणापासून वेगळी काढता येत नाही हे मान्य, परंतु भाकरी कुस्करून वर ओतायला रस्सा लागतो आणि कोरमा तेवढा पातळ नसतो. भाताच्या बाबतीत मात्र आपण भाग्यवान आहोत: बेळगावी बासमतीचा लहान, सुवासिक दाणा कोरम्याबरोबर छान जमतो, फक्त भात साधा असावा, त्यात मसाला घालू नये. सोबत लिंबू आणि पाण्यात भिजवून निथळलेला कांदा.

वीस-पंचवीस माणसांसाठी करायचा झाल्यास सगळे पाचपट करावे का?

मटण, कांदा, दही आणि मीठ पाचपट. खडा मसाला चौपट. तेल-तूप आणि पाणी साडेतीन ते चारपट. मोठ्या भांड्यात पाणी कमी उडते आणि मटणालाही पुष्कळ सुटते, त्यामुळे पाणी पाचपट घेतले तर रस्साच होईल. कांदा आदल्या दिवशी तळून हवाबंद डब्यात ठेवावा, कारण अडीच किलो कांदा तळायला जवळजवळ दीड-दोन तास जातात आणि जत्रेच्या सकाळी तेवढी सवड कोणालाच नसते. पाच किलो मटण एकाच वेळी परतू नये. दोन भागांत परतून मग मोठ्या पातेल्यात एकत्र करावे. चुलीवर करत असाल तर दम देताना लाकडे बाहेर ओढून निखाऱ्यांवर पातेले ठेवावे आणि थोडे निखारे झाकणावरही ठेवावेत.

उरलेला कोरमा किती दिवस टिकतो?

निववून, शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवल्यास दोन-तीन दिवस. दुसऱ्या दिवशी मसाला मांसात मुरलेला असतो, म्हणून पाहुणे रविवारी येणार असतील तर कोरमा शनिवारी रात्री करून ठेवणे अधिक चांगले. गरम करताना लागेल तेवढाच बाहेर काढावा, दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर पूर्ण उकळी आणावी, आणि जायपत्री-वेलदोड्याची थोडी ताजी पूड वरून घालावी.